लेखकाचा भाव : न्यायासनापुढें आणि परीक्षागृहांत

उतारा वाचून खालील प्रश्नांचीं उत्तरें लिहा, ही आज्ञा ज्यानें शाळेंत कधींच ऐकली नाहीं असा सुशिक्षित मनुष्य महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. त्या प्रश्नांपैकीं बहुतेक निरुपद्रवी असतात. राजाचें नांव काय, नदी कोणत्या दिशेस वाहते, अमुक शब्दास प्रतिशब्द कोणता, यांचीं उत्तरें उताऱ्यांतच बसलेलीं असतात. विद्यार्थ्यानें तीं हुडकून उत्तरपत्रिकेंत नेऊन ठेवावयाचीं, एवढेंच. परंतु शेवटीं शेवटीं एक प्रश्न असा येतो कीं ज्याचें उत्तर उताऱ्याच्या कोणत्याही ओळींत लिहिलेलें नसतें. वर्णिलेल्या विषयासंबंधीं लेखकाचा भाव कोणता? आदराचा, उपरोधाचा, खेदाचा, कीं तटस्थतेचा? चारांपैकीं एका वर्तुळांत शाई भरावयाची आणि पुढें जावयाचें. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसणाऱ्या पोरापासून तों संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेस बसणाऱ्या पदवीधरापर्यंत सर्वांस हा प्रश्न आतां सारखाच परिचयाचा झाला आहे. आयोगानें २०११ सालीं पूर्वपरीक्षेंत जी दुसरी पत्रिका आणली तींत उताऱ्यांवरील प्रश्नांस मोठें स्थान दिलें. तिच्याविरुद्ध पुष्कळ ओरड झाल्यावर २०१५ पासून ती केवळ उत्तीर्ण होण्यापुरती ठेविली. तरी उतारे राहिले ते राहिलेच.

हा प्रश्न पाश्चात्य परीक्षापद्धतीबरोबर आपल्याकडे आला अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. शाळेंतील मुलांस हा प्रश्न पडूं लागण्याच्या पुष्कळ आधीं तो मराठी गद्यास एकदां फार कठोरपणें विचारला गेला होता. त्या वेळीं परीक्षक न्यायाधीश होते, उतारा ‘केसरी’चा होता, तो इंग्रजी भाषांतरांतून वाचला जात होता आणि पर्याय दोनच होते. उत्तराची किंमत गुणांत नव्हे, वर्षांत मोजली गेली. तो इतिहास राजकारणाचा म्हणून आपण पुष्कळदां वाचला आहे. वाचनकलेचा म्हणून तो क्वचितच वाचला जातो. प्रस्तुत निबंधांत तो तसा वाचून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम कायद्याकडे पाहूं. मेकॉलेनें १८३७ सालीं तयार केलेल्या दंडसंहितेच्या मसुद्यांत राजद्रोहाचें कलम होतें. परंतु १८६० सालीं संहिता प्रत्यक्ष कायदा झाली तेव्हां तें तींत नव्हतें. पुढें १८७० सालीं जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कारकीर्दींत तें १२४-अ या आंकड्याखालीं घालण्यांत आलें. या कलमाचें वैशिष्ट्य असें कीं त्यांत कृत्यापेक्षां भावनेस प्राधान्य होतें. सरकाराविषयीं लोकांच्या मनांत ‘अप्रीति’ उत्पन्न करणें किंवा तसा प्रयत्न करणें हाच अपराध. चोरींत वस्तु गेलेली असते, खुनांत प्रेत पडलेलें असतें. येथें मात्र अपराधाचा पुरावा म्हणजे छापील ओळी, आणि त्या ओळींमागील मन. तें मन ओळखावयाचें कसें, याविषयीं कलमांत एक अक्षर नव्हतें.

महाराष्ट्रावर या कलमाचा पहिला मोठा प्रहार १८९७ सालीं झाला. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच वेळचा प्लेग, पुण्यांत रॅंडसाहेबांच्या देखरेखीखालीं चाललेली घरांची झडती, या सर्वांनीं वातावरण तापलें होतें. जूनमध्यें शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यांतील व्याख्यानांचा वृत्तांत आणि शिवाजीमहाराजांच्या मुखीं घातलेली एक कविता ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकांत प्रसिद्ध झाली. व्याख्यानांत अफझुलखानाच्या वधाची नैतिक चिकित्सा होती. पुढें एका आठवड्यानें, २२ जूनच्या रात्रीं, रॅंडवर गोळी झाडली गेली. कविता व वृत्तांत यांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला.

येथें वाचनाचा जो प्रश्न उत्पन्न झाला तो खरोखर नाजूक होता. लेखनाचा विषय सतराव्या शतकांतला. त्यांत मोंगल आहेत, विजापूरकर आहेत. इंग्रज सरकार नांवानें कोठें उभें नाहीं. परंतु कवितेंतला शिवाजी झोपेंतून जागा होऊन आपल्या देशाची सद्यःस्थिति पाहतो आणि हळहळतो. मग हा इतिहास कीं वर्तमान? लेखकाचा भाव गतकाळाविषयींच्या अभिमानाचा, कीं चालू राज्याविषयींच्या द्वेषाचा? न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं ज्यूरीस समजावून देतांना अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव, आणि सर्व प्रकारची दुर्भावना त्यांत येते, असा अर्थ केला. आमच्या मराठी ‘अप्रीति’ शब्दांतही दुर्दैवानें तेवढेंच दिसतें. पण नवऱ्याविषयीं बायकोस फारशी प्रीति नसली म्हणजे तिनें त्याचा घातच चिंतिला असें कोणी म्हणत नाहीं! न्यायमूर्तींनीं आणखी असेंही सांगितलें कीं लेखाचा परिणाम जोखतांना तो कोणासाठीं लिहिला, केव्हां लिहिला, त्या वेळीं लोकांच्या मनाची स्थिति काय होती, हें ध्यानांत घ्यावें. नऊ जणांच्या ज्यूरीपैकीं सहा युरोपियनांनीं अपराधी म्हटलें, तिघां हिंदी गृहस्थांनीं निरपराधी म्हटलें, आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजीं टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलानें अपिलास परवानगी नाकारली. १८९८ सालीं सरकारनें कलमाचीच दुरुस्ती केली. द्वेष व तुच्छता हे शब्द त्यांत आले आणि अप्रीतीमध्यें शत्रुत्वाच्या सर्व भावनांचा समावेश होतो असें स्पष्टीकरण जोडण्यांत आलें.

एक गोष्ट येथें प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. संदर्भ पाहून वाचावें असें आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांस रोज सांगतों. स्ट्रॅचीसाहेबही संदर्भ पाहावयासच सांगत होते. आमच्या मम्मटानें व्यंजनेचें विवेचन करतांना बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वराचा हेल कसा, प्रसंग कोणता, देश व काळ कोणता, यांवरून शब्दापलीकडचा अर्थ निघतो असें म्हटलें आहे. तींच साधनें फिर्यादीच्या हातीं गेलीं. तेव्हां संदर्भ म्हणजे न्याय, असें सरळ समीकरण नाहीं. संदर्भ कोण निवडतो, यावर सारें अवलंबून असतें. प्लेगच्या दिवसांत लिहिलें म्हणून लेख भडकविणारा ठरविणें शक्य आहे. प्लेगच्या दिवसांत सोसलेल्या दुःखाचा तो उद्गार आहे असें ठरविणेंही तितकेंच शक्य आहे. सहा जणांस एक दिसलें, तिघांस दुसरें.

यापेक्षांही कठीण परीक्षा शिवराम महादेव परांजपे यांच्या लेखणीनें उभी केली. १८९८ सालीं निघालेल्या त्यांच्या ‘काळ’ पत्राचें सामर्थ्यच मुळीं उपरोधांत होतें. ते स्तुति करीत आणि वाचक हंसत. ते पुराणांतील दैत्याची कथा सांगत आणि ऐकणाऱ्यास दैत्याचा पत्ता बरोबर कळे. वाच्यार्थ धरावा तर लेखक राजनिष्ठ, व्यंग्यार्थ धरावा तर कलम १२४-अ. वर सांगितलेल्या चार पर्यायांत आदर आणि उपरोध हे दोन शेजारीशेजारी छापलेले असतात. परांजप्यांच्या बाबतींत ते दोन्ही एकाच वाक्यांत एकमेकांच्या पाठीस पाठ लावून बसलेले असत. उपरोध हा असा अलंकार आहे कीं तो सिद्ध करणें फार अवघड, आणि तो नाहीं असें सिद्ध करणें त्याहून अवघड. १९०८ सालीं परांजप्यांस एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली.

त्याच वर्षीं आमच्या मध्यप्रांतांतही हें वारें पोंचलें होतें. नागपुरास अच्युतराव कोल्हटकर ‘देशसेवक’ चालवीत होते. माधवराव सप्रे यांनीं १९०७ मध्यें ‘हिंदी केसरी’ काढला होता. दोघांवरही राजद्रोहाची कारवाई झाली. कोल्हटकर तुरुंगांत गेले. सप्रे यांनीं माफी मागितली आणि ते सुटले, पण त्या सुटकेचें शल्य त्यांस कायम राहिलें. सप्र्यांचें नांव पुढें पुन्हां येणार आहे, म्हणून वाचकांनीं तें लक्षांत ठेवावें.

परांजप्यांच्या खटल्यासाठीं टिळक मुंबईस गेले असतां २४ जून १९०८ रोजीं त्यांसच पकडण्यांत आलें. मुझफ्फरपूर येथें ३० एप्रिल रोजीं बॉम्ब फुटून दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखीं पडल्या होत्या. त्या प्रकरणावर ‘केसरी’नें लेखमाला लिहिली, पैकीं ‘देशाचें दुर्दैव’ (१२ मे) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ (९ जून) हे दोन लेख आरोपास आधार म्हणून घेतले गेले. न्यायासनावर दिनशा दावर होते. अकरा वर्षांपूर्वीं टिळकांच्या जामिनासाठीं बॅरिस्टर म्हणून उभे राहिलेले हेच दावर, हा योग विलक्षणच. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी. ज्यांस मराठी येत नाहीं त्यांनीं मराठी लेखाचा भाव ठरवावा हें विपरीत आहे, असा आक्षेप टिळकांतर्फे जोसेफ बॅप्टिस्टा यांनीं खास ज्यूरीच्या मागणीच्या वेळींच घेतला होता. तो चालला नाहीं.

टिळकांनीं आपला बचाव स्वतः केला आणि ते एकवीस तासांहून अधिक वेळ बोलले. राजकारण बाजूस ठेवून तें भाषण वाचलें तर तें मराठी भाषेवरील एक उत्कृष्ट व्याख्यान आहे असें माझें मत आहे. हायकोर्टाच्या भाषांतरकारांची त्यांनीं शब्दागणिक उलटतपासणी केली. मराठींत राजकीय विचारांची परिभाषा अजून घडते आहे. एकाच मराठी शब्दास इंग्रजींत सौम्य व तीव्र असे दोन्ही प्रतिशब्द देतां येतात. भाषांतरकार प्रत्येक ठिकाणीं तीव्र शब्द उचलतो आणि मग त्या तीव्रतेवरून लेखकाचें मन तीव्र ठरतें, असें त्यांचें म्हणणें. दुसरें असें कीं हे लेख सुटे नाहींत. अँग्लो-इंडियन पत्रांनीं जे आरोप केले त्यांचीं हीं उत्तरें आहेत. वादांतलें उत्तर वादाशिवाय वाचलें तर तें आक्रमण वाटतें. तिसरा मुद्दा एका पोस्टकार्डाचा. टिळकांच्या घरच्या झडतींत स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांचीं नांवें लिहिलेलें एक कार्ड सांपडलें होतें, आणि लेखांचा भाव सिद्ध करण्यासाठीं तें पुराव्यांत आलें. स्फोटक द्रव्यांविषयींच्या नव्या कायद्यावर टीका करावयाची तर विषयाचा अभ्यास नको काय, हें टिळकांचें उत्तर होतें. संपादकाच्या टेबलावर कोणतें पुस्तक पडलें आहे यावरून त्याच्या लेखाचा भाव ठरवूं लागलों, तर पोलिसी कथा वाचणारे आम्ही कितीतरी प्राध्यापक आज तुरुंगांत असावयास पाहिजे होतों!

नऊ वर्षांनीं, १९१७ सालीं, अमेरिकेंत थॉर्नडाइक नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें शाळकरी मुलांच्या वाचनांतील चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुलें उतारा चुकीचा कां वाचतात याचें त्यानें दिलेलें कारण मोठें मार्मिक आहे. वाक्यांतील एखादा शब्द मुलाच्या मनांत वाजवीपेक्षां अधिक जोर धरतो आणि बाकीच्या शब्दांस झांकून टाकतो. वाचन म्हणजे प्रत्येक शब्दास योग्य तेवढेंच वजन देण्याचा विचारव्यापार आहे. १९०८ च्या ज्यूरीपुढें असा एकच शब्द होता, ‘बॉम्ब’. लेखांत त्याचा निषेध होता, त्याची कारणमीमांसा होती, सरकारास उपदेश होता. परंतु त्या एका शब्दाच्या धुरांत बाकीचीं वाक्यें दिसेनाशीं झालीं. सात विरुद्ध दोन अशा मतांनीं टिळक अपराधी ठरले, आणि २२ जुलैच्या रात्रीं सहा वर्षें काळें पाणी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा त्यांस सांगण्यांत आली.

यानंतरची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्यांतील एक सूत्र माझ्या समजुतीप्रमाणें पुरेसें कोणी उचललेलें नाहीं. आपल्या लेखाचें तात्पर्य परक्यांनीं ठरविल्यामुळें जो मनुष्य मंडालेस गेला, त्यानें तेथें बसून काय केलें? एका ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्याचें काम केलें. १९१०-११ च्या हिंवाळ्यांत शिसपेन्सिलीनें लिहिलेल्या आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या आरंभींच टिळक मीमांसकांचा ग्रंथतात्पर्यनिर्णयाचा नियम पुढें ठेवतात. ग्रंथाचा उपक्रम आणि उपसंहार काय आहे, त्यांत पुनःपुन्हां काय सांगितलें आहे, नवें काय सांगितलें आहे, त्याचें फल काय, प्रासंगिक स्तुतिनिंदा म्हणजे अर्थवाद कोणता, आणि युक्तिवाद कोणत्या बाजूनें आहे, हीं तीं सहा गमकें. यांतील अर्थवादाचें गमक तर उतारा वाचणाऱ्या प्रत्येकानें भिंतीवर टांगून ठेवावें असें आहे. लेखक ओघांत जें उंच स्वरानें बोलतो तें सारें त्याचें मुख्य म्हणणें नसतें. मुंबईच्या न्यायालयांत जर कोणी पूर्वमीमांसा शिकलेला ज्यूरर असता तर निकाल बदलला असता असें नाहीं. सरकारास निकाल हवा होता. परंतु निकालपत्राची भाषा तरी त्यास अवघड गेली असती. या ‘गीतारहस्या’चें हिंदी भाषांतर ज्यांनीं केलें ते वर उल्लेखिलेले माधवराव सप्रेच होत. एकास मराठीवरून इंग्रजींत गेलेल्या भाषांतरानें बुडविलें होतें. त्याचाच ग्रंथ माफी मागून सुटलेल्या त्याच्या अनुयायानें मराठींतून हिंदींत नेला.

१९१६ सालीं टिळकांपुढें तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला. बेळगांव व अहमदनगर येथील स्वराज्यावरील व्याख्यानांबद्दल त्यांच्याकडून वीस हजारांचा स्वतःचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यांत आले. हायकोर्टांत जिना त्यांचे वकील होते. न्यायमूर्ति बॅचलर व शहा यांनीं नोव्हेंबरमध्यें तो हुकूम रद्द केला. बॅचलर यांच्या निर्णयाचा गाभा असा: एखादें सुटें वाक्य किंवा कडक शब्द न धरतां भाषण सबंध वाचावें, मोकळ्या व उदार मनानें वाचावें, आणि त्या सबंध भाषणाचा ऐकणाऱ्यावर स्वाभाविक परिणाम काय होईल तें पाहावें. मीमांसक दुसरें काय सांगत होते?

राहतां राहिला वाचक. लेखाचा परिणाम जोखावयाचा तो कोणत्या वाचकावरून? या मुद्द्यावर आमच्या नागपूर हायकोर्टानें १९४६ सालीं जो विचार मांडला तो देशभर मान्य झाला आहे, आणि विदर्भांतील मनुष्यास त्याचा अभिमान वाटल्यास तो क्षम्य आहे. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्यप्रांत-वऱ्हाड सरकार या प्रकरणांत न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं म्हटलें कीं, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर व धैर्यवान मनुष्याच्या मापानें मोजावा. दुबळ्या व डळमळीत मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतांत संकटाचा वास घेणाऱ्या मनुष्याच्या मापानें मोजूं नये. चाळीसएक वर्षांनीं, १९८८ सालीं, ‘तमस’ या दूरचित्रमालिकेच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच माप उचललें. राजद्रोहाचें कलम स्वातंत्र्यानंतरही राहिलें. १९६२ सालीं केदारनाथ सिंह यांच्या खटल्यांत त्याचा अर्थ हिंसेस किंवा अव्यवस्थेस चिथावणी देण्यापुरता मर्यादित झाला. ११ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा वापर स्थगित केला. आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच जाऊन न्यायसंहिता आली. तींत राजद्रोह हा शब्द नाहीं. १५२ वें कलम आहे, आणि त्याच्या वाचनाचे प्रश्न नव्यानें सुरू झाले आहेत.

आतां परीक्षागृहाकडे वळूं. एक पर्याय बरोबर व बाकीचे चूक, ही पद्धति अमेरिकेंत कॅन्सस प्रांतांत फ्रेडरिक केली यांनीं १९१५ च्या सुमारास मूकवाचनाच्या चांचणीसाठीं रूढ केली. हजारों मुलांचे कागद थोड्या वेळांत व एकाच मापानें तपासतां यावे हा तिचा हेतु होता, आणि तेवढ्यापुरता तो रास्तच होता. महाविद्यालयीन प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेंत १९२६ सालीं ती शिरली. त्याच दशकांत केंब्रिजला रिचर्ड्स नांवाचे प्राध्यापक निराळाच प्रयोग करीत होते. कवीचें नांव व काळ काढून टाकलेल्या कविता त्यांनीं विद्यार्थ्यांस दिल्या आणि मतें लिहून मागितलीं. जीं मतें आलीं त्यांत श्रेष्ठ कवींची धूळधाण आणि सुमारांचा गौरव इतका होता कीं, १९२९ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्यावर इंग्रजी शिकविणारे सर्वच चपापले. रिचर्ड्सनीं अर्थाचीं चार अंगें सांगितलीं: वाच्यार्थ, विषयाविषयींची भावना, श्रोत्याशीं बोलण्याचा सूर, आणि हेतु. आज शाळेंतून ‘लेखकाचा भाव’ म्हणून जो एक शब्द वापरतात त्यांत यांपैकीं तीन अंगें एकत्र कोंबलेलीं असतात. ‘केसरी’चा लेखक सरकारावर रागावलेला असेल, आणि तरी वाचकांशीं शांतपणें बोलत असेल, भावना एक, सूर दुसरा. कायद्यास सूर पाहावयाचा होता, त्यानें भावना पाहिली.

महत्त्वाची गोष्ट अशी कीं रिचर्ड्सनीं नांवें काढलीं तीं वाचकांचे रोग ओळखण्यासाठीं. गुण देण्यासाठीं नव्हे. वैद्यानें निदानासाठीं रोग्यास उपाशी ठेवावें आणि पुढील पिढीनें उपास हाच आहार समजावा, तसें कांहींसें पुढें झालें. १९४४ मध्यें डेव्हिस यांनीं आकलनाचीं नऊ कौशल्यें सांगितलीं, त्यांत लेखकाचा हेतु व दृष्टिकोन ओळखणें हें एक. १९५८ च्या सुमारास दिल्लीस परीक्षासुधारणेचें केंद्र निघालें, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांच्या विचारांची छाप त्यावर होती. आणि हळूहळू उद्दिष्टांचे तक्ते आमच्या प्रश्नपत्रिकांत उतरले. नांव नाहीं, साल नाहीं, आरंभ नाहीं, शेवट नाहीं, मधल्या दहा ओळी आहेत, असा उतारा ही आतां सर्वमान्य रीत आहे. न्यायालय सुट्या वाक्याकडून सबंध लेखाकडे गेलें. आम्ही शिक्षक सबंध लेखाकडून सुट्या वाक्याकडे आलों.

याचा परिणाम मीं आमच्या अड्याळ गांवीं पाहिला. भंडाऱ्याहून पवनीस जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. पवनीच्या टेकडीवर १९६९-७० सालीं झालेल्या उत्खननांत बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, म्हणून तें नांव तरी इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असतें. अड्याळ तितकें नाहीं. एका सुटींत माझ्या चुलतभावाची नात स्पर्धापरीक्षेच्या सरावाची एक पुस्तिका घेऊन माझ्याकडे आली. उतारा तलावावर होता. जुन्या मालगुजारानें तलाव कसा बांधविला, गांवकरी दरवर्षीं गाळ कसा काढीत, पाणी वांटून कसें घेत, याचें चार-पांच ओळींत वर्णन, आणि शेवटीं, आतां तलाव सरकारच्या मालकीचा आहे, एवढें एक वाक्य. लेखकाचा भाव कोणता? मुलीनें ‘खेदाचा’ हा पर्याय भरला होता. मागील उत्तरसूचींत ‘तटस्थ’ होतें. ‘आजोबा, माझं चुकलं कुठं?’ असें तिनें विचारलें.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या बांधलेले हे तलाव मालगुजारी नष्ट झाल्यावर १९५१ पासून सरकारकडे गेले. मालक बदलला आणि गाळ काढण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाहीं. कित्येक तलाव उथळ झाले, कित्येकांत पीक उभें राहूं लागलें. ही मुलगी अशा गांवांत वाढलेली. तो सरकारी मालकीचा उल्लेख तिनें आपल्या आजीच्या तोंडून निराळ्या सुरांत शंभर वेळां ऐकलेला. तेव्हां तिला त्या शेवटच्या वाक्यांत खेद ऐकूं आला यांत तिची चूक कोणती? उपसंहारावरून तात्पर्य काढावें हा मीमांसेचा नियम तिनें न शिकतां पाळला होता. उलट पुस्तिकाकारानेंही लबाडी केली असें मी म्हणत नाहीं. वाक्यांत खेददर्शक शब्द नाहीं, हें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. मूळ लेखकाचें नांव व साल त्यानें दिलें असतें तर दोघांचा निकाल लागला असता. १९५२ सालीं एखाद्या उत्साही अधिकाऱ्यानें तें वाक्य लिहिलें असेल तर त्यांत अभिमान आहे. २००० नंतर कोणा शेतकऱ्यानें लिहिलें असेल तर त्यांत खेद आहे, कदाचित् उपरोधही. साल पुसून टाकल्यावर त्या वाक्यांत जो तटस्थपणा उरतो तो लेखकाचा नाहीं, कात्रीचा आहे.

तिला मीं एवढेंच सांगितलें कीं परीक्षेंत ‘तटस्थ’ लिही, गुण जाऊं देऊं नको. आणि तलावाचें तुला जें वाटतें तें वहींत लिहून मला पाठव. तिनें दोन्हीही केलें. वहींतला मजकूर उताऱ्यापेक्षां चांगला होता.

यावर भावाचे प्रश्नच काढून टाकावे असें म्हणणारे माझे कांहीं मित्र आहेत. मला तें पटत नाहीं. वर्तमानपत्र, जाहिरात, पुढाऱ्याचें भाषण, सरकारी पत्रक, यांपैकीं कशाचाही भाव ज्यास ओळखतां येत नाहीं तो अक्षरशत्रु नसला तरी वाचक नव्हे. आणि उपरोध न कळणाऱ्या समाजांत परांजप्यांसारखा लेखक फुकट जातो, खटल्याशिवायच फुकट जातो. प्रश्न राहावा, त्याची तऱ्हा बदलावी. माझ्या स्वतःच्या वर्गापुरता मीं कांहीं वर्षांपासून असा क्रम ठेविला आहे कीं उताऱ्याखालीं लेखकाचें नांव व साल द्यावें, लेखाचा पहिला व शेवटचा परिच्छेद गाळूं नये, आणि भाव विचारल्यावर तो ज्या शब्दावरून ओळखला तो शब्दही लिहावयास सांगावा. दोन विद्यार्थ्यांचीं उत्तरें भिन्न असून दोघांचेही शब्द बरोबर असले तर दोघांसही गुण द्यावे. अशा कागदांत एकानें ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ यांतील भाव काळजीचा ठरविला, दुसऱ्यानें इशाऱ्याचा, तिसऱ्यानें रागाचा. आणि तिघांनींही बोट ठेवलें तें ‘टिकाऊ’ याच शब्दावर.

यंत्रानें तपासतां येण्यासारखी ही पत्रिका नाहीं. पूर्वीं एका वर्गाचे कागद दोन दिवसांत होत. आतां आठवडा जातो.